बुटावरची चिकटपट्टी

२०१९च्या ऑगस्टमध्ये मी आईला फोनवर सांगितलं, "तुझ्या नातवाला कायरीचे बूट हवेत."

रेवदंड्याहून तिचा आवाज आला, "कैरीचे? आत्ता? कैऱ्या कधीच संपल्या."

मग तिला समजावलं, की हा कायरी झाडाला लागत नाही, बास्केटबॉल खेळतो. पूर्ण नाव कायरी अर्विंग. नाइकी कंपनी त्याच्या नावाचे बूट काढते. आईने जरा वेळ घेतला. "म्हणजे बूट त्याने शिवलेत?" नाही. "मग त्याचं नाव कशाला?"

मी हसलो. तीन वर्षांनी हाच प्रश्न माझ्या घरात, चपलांच्या कपाटासमोर येऊन उभा राहील असं तेव्हा वाटलं नव्हतं.

आम्ही जर्सी सिटीत राहतो. कायरी वाढला तो वेस्ट ऑरेंज गावात, आमच्याकडून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. त्यामुळे इथल्या पोरांना तो 'आपला' वाटतो. जन्म ऑस्ट्रेलियातला, मेलबर्नचा, कारण वडील तिथे व्यावसायिक बास्केटबॉल खेळत होते. चार वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांनीच वाढवलं. चौथीत असताना शाळेची सहल न्यू जर्सीतल्या मोठ्या स्टेडियमवर गेली, आणि घरी येऊन या पोराने कपड्यांच्या कपाटाच्या आतल्या भिंतीवर लिहून ठेवलं की मी एनबीएत खेळणार, वचन. एनबीए म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची सगळ्यांत मोठी लीग. ही गोष्ट माझ्या मुलाला तोंडपाठ. एकदा त्याच्या कपाटाच्या आत मलाही पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं दिसलं. वाचलं नाही. भाड्याचं घर आहे, डिपॉझिटची काळजी वाटली, पण वाचलं नाही.

कायरीची उंची सहा फूट दोन इंच. आपल्याकडे असा माणूस दारात वाकून आत येईल, पण एनबीएत तो बुटका. धिप्पाड माणसांच्या जंगलातून तो चेंडू घेऊन निघतो तेव्हा मला गावची कबड्डी आठवते. डावीकडे जातोय असं खांदा सांगतो, डोळेही तेच सांगतात, आणि चेंडू गेलेला असतो उजवीकडे. समोरचा स्वतःच्याच पायात पाय अडकून बसतो. याला क्रॉसओव्हर म्हणतात. बूटसुद्धा या खेळाच्या मापाने बेतलेले होते. तळव्याचं रबर कडेने गोलाकार वर वळलेलं, म्हणजे अंग कितीही कललं तरी जमिनीची पकड सुटू नये. पहिला जोड २०१४च्या डिसेंबरमध्ये ११० डॉलरला आला. त्याच सुमाराला एनबीएतल्या बड्या ताऱ्याच्या, लेब्रॉन जेम्सच्या बुटांना २०० डॉलर पडत होते. मध्यमवर्गीय घरातली, शाळेच्या संघातली, उंचीची अजून वाट बघणारी पोरं कायरीच्या बुटांमागे का धावली याचं निम्मं उत्तर त्या नव्वद डॉलरांत आहे.

उरलेलं निम्मं १९ जून २०१६ला मिळालं. तो इथला फादर्स डे होता. एनबीएची अंतिम फेरी, कायरीचा तेव्हाचा संघ क्लीव्हलँड आणि गोल्डन स्टेट यांच्यातला सातवा, शेवटचा सामना. क्लीव्हलँड मालिकेत ३-१ ने मागे पडलं होतं, तिथून बरोबरीला आलेलं. ८९-८९. सामना संपायला त्रेपन्न सेकंद उरलेले. समोर हात उंचावून स्टीफन करी, आणि कायरीने त्याच्या डोक्यावरून तीन गुणांचा चेंडू टाकला. माझा सहा वर्षांचा मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडला. मी पण ओरडलो असेन, कारण खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काठीने छत ठोकलं. क्लीव्हलँड शहराला बावन्न वर्षांनी कुठल्या तरी मोठ्या खेळातलं विजेतेपद मिळालं, आणि आमच्या घरात पुढच्या सहा वर्षांचा बुटांचा प्रश्न निकालात निघाला.

निकालात म्हणजे कसा, तर २०१९ला त्याला हवे होते स्पंजबॉबचे. कार्टूनमधल्या त्या चौकोनी पिवळ्या प्राण्याच्या रंगाचा कायरी ५, किंमत १३० डॉलर, आणि दुकानात येताक्षणी गायब. मी आणले 'फ्लायट्रॅप'. त्याच नावाची स्वस्तातली आवृत्ती, ८० डॉलरची. आपण बाप लोक समजतो की नाव एकच आहे तर पोराला काय कळतंय. पोराला सगळं कळतं. तो "थँक्यू बाबा" म्हणाला आणि बूट इतक्या काळजीने घातले की मलाच लाज वाटली. म्हणून २०२२च्या ऑक्टोबरात, तेराव्या वाढदिवसाला, मी खरेखुरे घेतले. कायरी इन्फिनिटी, काळे.

त्याच महिन्याच्या २७ तारखेला कायरीने ट्विटरवर एक दुवा टाकला.

शब्द नाहीत, टीका नाही, कौतुक नाही, नुसता एका माहितीपटाचा दुवा. वाचणारे चाळीस लाखांच्या वर. त्या माहितीपटाचं म्हणणं थोडक्यात असं, की बायबलातले खरे इस्रायली म्हणजे आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या काळ्या माणसांचे पूर्वज, आणि आज स्वतःला ज्यू म्हणवणाऱ्यांनी ही ओळख चोरलेली आहे. सोबत हिटलरच्या तोंडी घातलेलं एक बनावट वाक्य, आणि साठ लाख ज्यूंचा संहार झाला यावरच संशय. योगायोग असा, की बरोबर चार वर्षांपूर्वी, २०१८च्या २७ ऑक्टोबरला, पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये शनिवारच्या प्रार्थनेला बसलेल्या अकरा माणसांना एका गोऱ्या बंदूकधाऱ्याने मारलं होतं. कायरीच्या ध्यानीमनीही ते नसणार. ज्यांच्या होतं त्यांना तो दुवा कसा लागला असेल, एवढंच मी म्हणतो.

आता आमच्या मुलाच्या संघातल्या एका पोराबद्दल सांगायला हवं. नाव सांगत नाही. संघात त्याला 'संडे गार्ड' म्हणत, कारण पॉइंट गार्ड म्हणून, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ रचणारा म्हणून, तो सगळ्यांत चांगला, पण खेळणार फक्त रविवारी. शनिवारी घरात शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की गाडी नाही, फोन नाही, चेंडू नाही. रविवारी आम्ही त्याला गाडीतून न्यायचो. पहिल्यांदा त्याने शनिवारचं कारण सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून आपोआप गेलं, "अरे, म्हणजे शनवार तेली!" मागच्या सीटवर दोघंही गप्प. मग सामन्याला पोचेपर्यंत मी त्यांना अलिबाग तालुका आणि तिथले ज्यू तेली सांगत होतो.

नोव्हेंबरचा पहिला आठवडा माझ्या चांगला लक्षात आहे. ३१ ऑक्टोबरला ब्रुकलिनच्या, म्हणजे कायरीच्या तेव्हाच्या संघाच्या, स्टेडियममध्ये पहिल्या रांगेत काही प्रेक्षक 'ज्यूद्वेषाशी लढा' असं छापलेले टीशर्ट घालून बसले. कायरीने तोवर दुवा काढून टाकला होता, पण माफीचा शब्द नाही. उलट आधीच्या पत्रकार परिषदेत त्याने ऐकवलं होतं, की मी माघार घेणार नाही, माझ्यामागे अख्खी फौज आहे. २ तारखेला त्याच्या, ब्रुकलिन नेट्स संघाच्या आणि ज्यूद्वेषाविरुद्ध काम करणाऱ्या एडीएल या ज्यू संघटनेच्या वतीने निवेदन आलं. कायरी आणि संघ, दोघंही पाच-पाच लाख डॉलर द्वेषविरोधी कामाला देणार. त्यातही 'क्षमस्व' नव्हतं. ३ तारखेला, गुरुवारी, पत्रकारांनी त्याला सरळ विचारलं, तुझ्या मनात ज्यूद्वेष आहे का, हो की नाही. तो म्हणाला, "मी कुठून आलो हे मला माहीत असेल तर मी ज्यूद्वेष्टा असूच शकत नाही."

त्या संध्याकाळी संघाने त्याला किमान पाच सामन्यांसाठी बिनपगारी निलंबित केलं. त्या ज्यू संघटनेने त्याचे पैसे नाकारले. आणि त्याच गुरुवारी दुपारी एफबीआयच्या न्यूआर्क कार्यालयाने इशारा दिला, की न्यू जर्सीतल्या सिनेगॉगना धोका असल्याची विश्वसनीय माहिती मिळालेली आहे. त्या इशाऱ्याचा कायरीशी संबंध नव्हता. धमकावणारा वेगळाच पोरगा निघाला. पण आमच्या फोनवर दोन्ही बातम्या एकाखाली एक आल्या. जर्सी सिटीत राहणाऱ्यांना अशा गोष्टी वाचून १० डिसेंबर २०१९ आठवतो. आमच्या शहराच्या ग्रीनव्हिल भागातल्या कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, किराणा दुकानात दोघे जण बंदुका घेऊन शिरले. त्याआधी एका पोलिसाला मारलं, दुकानात तिघांना. हल्लेखोरांना 'खरे हिब्रू आम्हीच' सांगणाऱ्या विचारांचं आकर्षण होतं, असं तपासात पुढे आलं. असं मानणारे सगळेच गट हिंसक नसतात, बहुतेक तर नसतातच. तरी त्या दिवशी शहरातल्या शाळा कुलूपबंद होत्या आणि माझा दहा वर्षांचा मुलगा दिवे बंद केलेल्या वर्गात बसून होता. नुसत्या एका दुव्याने काय होतं, असं कुणी म्हटलं की मला तो वर्ग आठवतो.

रविवारी, ६ तारखेला, संडे गार्डला घ्यायला गेलो. त्याच्या पायातही कायरी इन्फिनिटीच. बुटावर जिथे जिथे कायरीचं बोधचिन्ह होतं तिथे काळी चिकटपट्टी लावलेली, वायरीला लावतात ती. कडा नीट कापलेल्या. आईने लावली का त्याने स्वतः, मी विचारलं नाही. माझ्या मुलाने पाहिलं. गाडीत कुणी काही बोललं नाही. सामना हरलो. परत येताना दोघं मागे बसून फ्राइज खात होते, तेव्हा माझ्या मुलाने विचारलं, "टेप उरलीय का?" तो म्हणाला, "घरी आहे."

घरी आल्यावर मुलाने कपाटासमोर उभं राहून मला विचारलं, "बाबा, टाकून द्यायचे का?" मी आधी किंमत आठवली, खोटं का बोला. मग म्हणालो, बूट चांगले आहेत, पायाला बसतायत. "बूट चांगले आहेतच," तो म्हणाला. "पण नाव त्याचं आहे ना."

आईचा प्रश्न उलटा होऊन आला होता.

मी त्या रात्री बराच वेळ कायरीच्या त्या एका वाक्यापाशी अडकलो होतो. 'मी कुठून आलो हे मला माहीत असेल तर'. टीव्हीवर सगळे त्या वाक्याला हसले, टोलवाटोलवी म्हणाले, आणि ती होतीच. पण या माणसाच्या तोंडी ते नुसतं निमित्त नसावं. त्याची आई एलिझाबेथ ही लाकोटा, स्टँडिंग रॉकच्या आदिवासी जमातीतली. लहानपणीच तिला दत्तक दिलं गेलं, जमातीबाहेर वाढवलं गेलं. मग ती तरुणपणीच वारली. म्हणजे या पोराच्या एका बाजूला गुलामांच्या जहाजात पुसली गेलेली वंशावळ, आणि दुसऱ्या बाजूला दत्तकपत्रात पुसली गेलेली. २०१८च्या ऑगस्टमध्ये तो स्टँडिंग रॉकला गेला, जमातीने त्याला समारंभाने आपलं म्हटलं, लाकोटा नाव दिलं. त्याचा अर्थ 'लहान डोंगर'. सव्वीस वर्षांच्या करोडपती माणसाला कुणीतरी अंगावर शाल घालून सांगितलं, तू आमचा. त्याची चित्रं पाहिली तर त्याचा चेहरा बघवत नाही, इतका उघडा पडलेला.

अशा भुकेल्या माणसाला कुणी म्हणालं, की अरे, तू तर त्याहून जुना, बायबलातला, देवाने निवडलेला, तर घास घशाखाली उतरायला वेळ लागत नाही. मला ती भूक समजते. आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर दर महिन्याला कुणीतरी सिद्ध करतं, की आमचं आडनाव कुठल्या राजघराण्यातून आलंय. पुढच्या महिन्यात वेगळं राजघराणं. कुणी हरकत घेत नाही, कारण त्यात कुणाचं काही जात नाही. जातं कधी, तर त्या निरोपात दुसरं वाक्य येतं तेव्हा: आम्ही खरे, आणि म्हणून ते खोटे. कायरीने टाकलेल्या दुव्यात सगळा जोर त्या दुसऱ्या वाक्यावर होता. स्वतःचं मूळ शोधताना त्याने दुसऱ्याचं उपटलं. ते त्याला आठवडाभर दिसलं नाही, का दिसून मान्य करवलं नाही, देव जाणे.

खरे का खोटे, हा प्रश्न मी रेवदंड्यात वाढताना ऐकलेला आहे. आमच्या आळीच्या टोकाला बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, आजींचं घर होतं. त्यांचे भाऊबंद कधीच निघून गेलेले, आजी मागे राहिलेल्या. नऊवारी, गळ्यात मंगळसूत्र, आणि दारच्या चौकटीला तिरपी ठोकलेली मेझुझाची, म्हणजे आत प्रार्थनेची गुंडाळी असलेली, लहानशी नळी. काही बरं घडलं की एलियाहू हनबीच्या, म्हणजे प्रेषित एलियाच्या, नावाने मलिदा व्हायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. ताटली आमच्याकडे यायची. अलिबागजवळ सागावला खडकावर घोड्याच्या टापेची खूण आहे. एलियाहू तिथे उतरून स्वर्गात गेला असं त्या सांगत, आणि आमची आजी हात जोडून ऐकत असे, जशी ती कुठल्याही देवाची गोष्ट ऐके.

दंतकथा अशी, की दोन हजार वर्षांपूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पोथ्या समुद्रात गेल्या. ध्यानात राहिली एक 'शेमा'ची प्रार्थना, मुलांची सुंता, आणि शनिवार. घाणे चालवायचे, शनिवारी बैल सोडायचे, म्हणून लोकांनी नाव दिलं शनवार तेली. पुढे कित्येक शतकांनी दावीद राहाबी नावाचा ज्यू विद्वान आला. त्याला शंका, हे ज्यू असतील का? त्याने बायकांपुढे मासळीची टोपली ठेवली. बायकांनी खवल्यांचे आणि परांचे मासे वेगळे काढले, शिंगाळा आणि कोलंबी बाजूला सारली. ते आम्ही खात नाही, म्हणाल्या. झालं, परीक्षा पास. ही गोष्ट सांगताना आजी हातवारे करून टोपली निवडायच्या. मला नेहमी वाटायचं, त्या बायकांना माहीत तरी होतं का, की आपली परीक्षा चाललीय?

आजींच्या थोरल्या बहिणीची परीक्षा मात्र माशांनी भागली नाही. ती इस्रायलला गेली. तिथे १९६१-६२ला धर्मपीठाने फर्मान काढलं, की बेने इस्रायल कुणाशी लग्न लावायला आले तर त्यांच्या आईची, आजीची, जमेल तितक्या पिढ्यांची चौकशी करा, हे निखळ ज्यू आहेत ना याची खात्री करा. कोकणातून गेलेली माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर निदर्शनांना बसली. शेवटी ऑगस्ट १९६४मध्ये इस्रायलच्या संसदेने ठराव केला, की बेने इस्रायल हे सर्व अर्थांनी ज्यूच आहेत, आणि मग ते फर्मान मागे गेलं. आजी म्हणायच्या, "इथे आम्हाला कुणी विचारलं नाही तुम्ही कोण. तिथे घरच्यांनीच विचारलं." हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा, एक प्रकारचं आश्चर्य असायचं.

आणि हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार साजरी होईल: बेने इस्रायलांतसुद्धा 'गोरे' आणि 'काळे' होते. मूळ चौदा जणांपासून आलेले ते गोरे, मिश्र विवाहांतले ते काळे. पूर्वी रोटी-बेटी व्यवहार नव्हता. ज्यांच्यापुढे टोपली ठेवली गेली होती त्यांनीही शेजाऱ्यापुढे टोपली ठेवलीच.

गाडीत त्या दोन पोरांना मी हे सगळं सांगितलं नव्हतं. टोपलीपर्यंत सांगितलं होतं. संडे गार्डने विचारलं, "कोलंबी लागते चांगली?" फार चांगली, मी म्हणालो.

ज्यूंबद्दल आपण मराठी माणसं कशी बोलतो, याची माझी एक आठवण आहे, आणि ती इथे टाळणं लबाडी ठरेल. शाळेत आमच्या गणिताच्या सरांना आम्ही 'हिटलर' म्हणायचो. प्रेमाने. मुंबईच्या फुटपाथवर, स्टेशनबाहेरच्या पुस्तकांच्या गाड्यावर, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी हिटलरचं आत्मचरित्र ठेवलेलं मी कित्येकदा पाहिलं, एकदा विकतही घेतलं. अमेरिकेत आल्यावर पहिल्या नोकरीत, जेवणाच्या टेबलावर, मी माझ्या त्या सरांची गोष्ट रंगवून सांगितली. शब्द तोच वापरला. टेबलावरचे एक वयस्कर सहकारी डबा बंद करून उठले. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन त्यांनी सांगितलं, की त्यांच्या वडिलांच्या घरातली नऊ माणसं पोलंडमध्ये संपली. मी माफी मागितली. ती मागायला मला एक रात्र लागली, कारण रात्रभर मी स्वतःला सांगत होतो, की आमच्याकडे त्या शब्दाचा तसा अर्थ होत नाही, माझ्या मनात काही नव्हतं, मी कुठून आलो हे त्यांना काय माहीत. तेव्हा माझ्यावर कॅमेरे नव्हते, चाळीस लाख लोक नव्हते, माझ्या नावाचा बूटही नव्हता. मला एक रात्र परवडली. कायरीने एक आठवडा घेतला. निलंबनाची बातमी आली त्या रात्री त्याने इन्स्टाग्रामवर माफी लिहिली. पुढे डॅलसच्या संघात गेल्यावर ती पोस्ट काढूनही टाकली. पत्रकारांना म्हणाला, मी पुष्कळ पोस्ट काढत असतो.

निलंबनाच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबरला, नाइकीने करार स्थगित केला आणि ८ तारखेला येणारा कायरी ८ बाजारात आणणार नसल्याचं जाहीर केलं. महिन्याभराने, ५ डिसेंबरला, संबंध पुरता तोडला. संस्थापक फिल नाइट म्हणाले, त्याने रेषा ओलांडली.

रेषा हा शब्द मला गमतीचा वाटतो. २०१७ला कायरीने पृथ्वी सपाट असल्याचं सांगितलं, तेव्हा ती रेषा नव्हती. शिक्षकांना वर्गात पोरांना उलटं समजवावं लागलं, कायरीने दीड वर्षाने त्यांची माफी मागितली, आणि बूट खपत राहिले. लस न घेतल्यामुळे २०२१-२२च्या हंगामात तो जेमतेम एकोणतीस सामने खेळला, तेव्हाही नाही. २०२१ला त्याने स्वतःच आपल्या येऊ घातलेल्या बुटाला जाहीरपणे 'कचरा' म्हटलं, तेव्हा मात्र कंपनीत कुणाच्या तरी भुवया वर गेल्या असाव्यात. २०२२च्या मे महिन्यातच बातमी आली होती, की त्याच्या नावाच्या बुटांचा करार पुढे वाढवण्याची शक्यता कमी आहे. तेव्हा नोव्हेंबरात तत्त्वासाठी जे सोडलं, ते व्यवहारासाठी आधीच सोडायला काढलेलं होतं. चूक केली असं मी म्हणत नाही. त्या आठवड्यात त्यांनी दुसरं काही केलं असतं तर मीच शिव्या घातल्या असत्या. पण बॉस्टन संघातल्या जेलन ब्राउनने तेव्हा विचारलं, की नाइकीला नीतीची काळजी कधीपासून वाटायला लागली, तर त्याला उत्तर देणं जड आहे.

त्याच ऑक्टोबरात, २५ तारखेला, आदिदासने रॅपर कान्ये वेस्टशी संबंध तोडले, तेही ज्यूंविषयीच्या बरळण्यावरूनच. गोदामात शंभर कोटींहून जास्त डॉलरचे, त्याच्या नावाचे बूट पडून राहिले. पुढच्या वर्षी ते विकायला काढले आणि त्यातला काही पैसा द्वेषविरोधी संस्थांना दिला. या आदिदासचा मूळपुरुष आडी डासलर. तो आणि त्याचा भाऊ रुडॉल्फ, दोघंही १९३३ला नाझी पक्षात गेले. आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकला, हिटलरच्या डोळ्यांदेखत, जेसी ओवेन्स नावाचा काळा अमेरिकन चार सुवर्णपदकं धावून आणि उड्या मारून घेऊन गेला, तेव्हा त्याच्या पायात डासलरच्या कारखान्यातले खिळ्यांचे बूट होते. आईला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, बुटाला काय माहीत.

संघाने कायरीपुढे परतीसाठी सहा अटी ठेवल्याच्या बातम्या आल्या: माफी, देणगी, दोन प्रशिक्षणं, संघटनेच्या लोकांशी भेट, मालकाशी भेट. लेब्रॉनने ते अति असल्याचं म्हटलं, आणि मला ते पटलं. नाक घासायला लावलेला माणूस नाक पुसत परत येतो, बदलून येत नाही. जुन्या पिढीतले थोर खेळाडू करीम अब्दुल-जब्बार यांनी मात्र कायरीला लेखणीने सोलून काढलं, तेही मला पटलं. दोन्ही कसं पटतं, असं बायकोने विचारलं. मला सांगता आलं नाही.

आठ सामने बाहेर बसून तो २० नोव्हेंबरला परतला. त्या दिवशी स्टेडियमबाहेर जांभळ्या पोशाखात शेकडो माणसं रांगा लावून उभी होती, पत्रकं वाटत, घोषणा देत: खरे ज्यू आम्हीच. ती फौज खरोखर आली होती. कायरीने बोलावली नव्हती, पण आली. मी ती चित्रफीत मुलाला दाखवली नाही. त्याने आधीच पाहिली होती.

आणि मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, नाइकीने सोडल्यावर दोन दिवसांनी, कायरी मैदानात उतरला तो जुनेच नाइकी घालून, पण बुटांवरच्या कंपनीच्या खुणेवर चिकटपट्टी. तिच्यावर पेनने लिहिलेलं, मी मुक्त आहे, देवा तुझे आभार, अशा अर्थाचं काहीतरी. माझ्या मुलाने फोन माझ्यापुढे धरला. चित्र मोठं केलं. "बाबा, सेम टेप."

रविवारी गाडीत त्याने ते संडे गार्डलाही दाखवलं. एकाने कायरी झाकला होता, कायरीने कंपनी झाकली होती. मी आरशातून बघत होतो, आता हे काहीतरी खोल बोलतील. संडे गार्ड म्हणाला, "त्याची नीट कापलेली नाही." दोघं खूप हसले.

माझ्या मुलाने शेवटी टेप लावली नाही, बूट टाकलेही नाहीत. मार्चपर्यंत तसेच घातले, मग पाय वाढला. संडे गार्डचं कुटुंब पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी गेलं. कायरीला २०२३च्या जुलैमध्ये अँटा या चिनी कंपनीने घेतलं, बास्केटबॉल विभागाचा मुख्य सर्जनशील अधिकारी असा हुद्दाही दिला. फुजियान प्रांतातल्या जिनजियांगची ही कंपनी. शिनजियांगच्या, वेठबिगारीचा आरोप असलेल्या कापसावरून पाश्चात्त्य कंपन्या काचकूच करत होत्या तेव्हा हिने छाती ठोकून सांगितलं होतं, की आम्ही तोच कापूस वापरणार. म्हणजे रेषा तिथेही असेलच, फक्त दुसऱ्या जागी काढलेली. २०२४च्या मार्चमध्ये त्याचा नवा बूट आला. जूनमध्ये तो डॅलसकडून अंतिम फेरी खेळला आणि बॉस्टनकडून ४-१ ने हरला. माझा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा. तो अजून कायरीचे सामने बघतो. क्रॉसओव्हर टाकला की तसाच ओरडतो. मी पण.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, आम्ही रेवदंड्याला गेलो. आजींचं घर विकलं गेलंय. नव्या मालकांनी रंग दिलाय, पण चौकटीवर मेझुझाच्या जागी एक तिरपा उथळ खड्डा रंगातूनही दिसतो. पाऊस होता. मुलाला म्हटलं, चल, अलिबागला इस्रायल आळीत जाऊ, तिथलं सिनेगॉग तरी बघ. मागेन आबोथ, १८४८चं. दारावर एक गृहस्थ होते, लेंगा, वर शर्ट, हातात छत्री. मी सांगितलं, रेवदंड्याचे आम्ही. मी आजींचं आडनाव सांगताच त्यांनी ओळखलं, इस्रायलमधल्या अश्दोदला कोण कोण आहेत ते मोजून दाखवलं.

मुलगा पायरीशी वाकून नाड्या सोडायला लागला. चिखलाने भरलेले बूट, कुठल्या कंपनीचे ते आता आठवतही नाही. गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर छत्रीची मूठ टेकवली.

"बूट राहू देत रे," ते म्हणाले. "डोकं झाक." आणि आतल्या कपाटातून एक पांढरी टोपी काढून त्याच्या हातात दिली.